माझ्यामागे टाकीतल्या समुद्राचे काय करावे

मी, मिताली मारोतराव निखाडे, वय पंचवीस, शिक्षण बी.एस्सी. प्राणिशास्त्र, काम शिकवणीवर्गात जीवशास्त्र शिकवणे, राहणार रुआबांधा, भिलाई, जिल्हा दुर्ग, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहीत आहे. मला कोणी लिहायला बसवलेले नाही. उलट घरातले सगळे उठ म्हणत आहेत. माझे कान, फुप्फुसे आणि हृदय पाण्याखाली जाण्यास योग्य असल्याचा दाखला डॉक्टरांनी मागच्याच महिन्यात दिला. डोक्याबद्दल त्यात काही लिहिलेले नाही, म्हणून ते ठिकाणावर आहे हे मी स्वतः जाहीर करते. माझ्या मनात राग आहे आणि हेवाही आहे, पण दोन्ही मला स्वच्छ दिसतात, तेव्हा त्यांची नशा आहे असे कोणी म्हणू नये.

पुढच्या आठवड्यात मी मन्नारच्या आखातात वर्षभरासाठी जात आहे. तिथे मेलेल्या प्रवाळाच्या जागी नवे प्रवाळ बांधून लावायचे काम आहे. अर्जात एक रकाना होता: दुर्घटना झाल्यास कोणाला कळवावे. तो भरताना लक्षात आले की कळवणे सोपे आहे, पण माझ्या टाकीतल्या जिवांना कळवण्याचा उपयोग नाही. बँकेतले पैसे वारसाची वाट पाहत पडून राहतात. पंप बंद पडला तर मासे संध्याकाळपर्यंतही वाट पाहत नाहीत.

आई म्हणाली, "असं अभद्र कावून लिहून राहिली वं? लगनाच्या वयात पोरी मृत्युपत्र लिहितेत का?"

तरी लिहिते.

कलम १. घर. हे घर बाबांचे आहे. बाबा, म्हणजे मारोतराव निखाडे, स्टील प्लँटमधून निवृत्त झाल्यावर आम्ही क्वार्टर सोडून इथे आलो. घरावर माझा काही लिहिण्याचा हक्क नाही. एवढेच लिहिते की पुढच्या खोलीत टाकीच्या जागी मोठा टीव्ही बसवण्याची समीरदादाची जुनी इच्छा माझ्या मरणाने पूर्ण होऊ नये.

कलम २. बचत. बँकेत जे असेल ते आईला, प्रेमला मारोतराव निखाडे यांना. त्यातून तेरवीचे जेवण घालू नये. आईने समुद्र पाहिलेला नाही. त्या पैशातून तिला समुद्रावर न्यावे, आणि घाईने परत आणू नये.

कलम ३. पदवी. या घराण्यात पदवी घेतलेली पहिली व्यक्ती मी. ते प्रमाणपत्र बाबांनी पुढच्या खोलीत लावले, तेव्हा शेजारच्या बेबीताई पेढे घेऊन आल्या होत्या. दुसऱ्या वर्षी समीरदादाचे लग्न झाले आणि वहिनीसोबत तिचे एम.एस्सी. रसायनशास्त्राचे प्रमाणपत्र आले. बाबांनी पाणसळ लावून दोन्ही फ्रेम अगदी एका रेषेत टांगल्या. त्यांना वाटले, न्याय झाला. मला ती रेषाच नको होती. माझ्यामागे माझी फ्रेम उतरवून कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागाला द्यावी. तिथे ती एकटी राहील.

कलम ४. टाकी. पुढच्या खोलीतली सहा फूट लांब काचेची टाकी, तिच्याखालची लहान टाकी, लोखंडी स्टँड, पंप, पाण्यातली घाण फेसासोबत काढणारा स्किमर, दिवे, इन्व्हर्टर आणि आतले सर्व जीव ही माझी मालमत्ता. जिवांना मालमत्ता म्हणताना मला बरे वाटत नाही, पण दस्तात दुसरा शब्द चालत नाही म्हणतात. या मृत्युपत्राचा खरा विषय हाच आहे, म्हणून ती कशी उभी राहिली ते लिहून ठेवते.

मला प्रवाळ घरात वाढवायचे होते, पण समुद्रातून तोडलेला एकही तुकडा नको होता. समुद्र वाचला पाहिजे म्हणायचे आणि त्याचेच दगड खोलीत मांडायचे, हे मला जमणार नव्हते. मासे टाकीत जन्मलेले आणायचे, मऊ प्रवाळ दुसऱ्यांच्या टाकीत वाढलेल्या फांद्यांतून घ्यायचे, हे ठरले. अडले ते दगडांवर.

बाबा खुर्चीतून म्हणाले, "मंग दगड कुठून आनशीन?"

मी म्हटले, "बाबा, ओतू."

निवृत्तीनंतर बाबा दिवसभर त्या खुर्चीत असत. 'ओतू' म्हटल्यावर ते उठले. दुसऱ्या दिवशी पहिल्या पाळीला निघाल्यासारखी दाढी करून गच्चीवर हजर. पांढरे सिमेंट, शिंपल्यांचा चुरा आणि मिठाचे खडे कालवून आम्ही ओल्या वाळूच्या साच्यात दगड ओतले. मीठ विरघळते आणि दगडाला भोके पडतात; त्या भोकांत जीव राहतात. मग सिमेंटचा तिखटपणा जाईपर्यंत दगड ड्रमात भिजत ठेवायचे, पाणी बदलत राहायचे.

बेबीताई कठड्यावरून म्हणाल्या, "काय वं प्रेमला, सून आनाचं सोडून सिमिटाले आंघोया घालून राहिले काय तुमी?"

आई म्हणाली, "ते बापलेकीले इचारा. मले पानी भराचं काम देल्लं हाय."

स्टँड बाबांनी स्वतः वेल्डिंग करून बनवला, खाऱ्या पाण्याने गंजू नये म्हणून रंगाचे थरावर थर दिले, आणि तपासणी म्हणून प्लँटमधल्या आपल्या सगळ्या जुन्या मित्रांना त्यावर उभे करून उड्या मारायला लावले. ओमप्रकाश काका उतरताना म्हणाले, "मारोती, इस पर तो रेल का इंजन रख दे।" पाणी भरल्यावर मी कितीतरी आठवडे एकही मासा टाकला नाही. आधी डोळ्यांना न दिसणारे जीवाणू दगडांत बसू द्यावे लागतात. येणारा प्रत्येक पाहुणा नुसते दगड पाहून जाई. दादा रोज भिलाई-३ च्या ड्यूटीवरून आला की विचारी, "आज काय पोहून राहिलं? सिमेंट?"

मग केशरी माशांची जोडी आली, एक झिंगा आला, काचेवरचे शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आल्या. मग मुठीसारखे उघडमीट करणारे प्रवाळ. ते पहिल्यांदा उघडले तेव्हा टाकीसमोर फक्त मी आणि बाबा होतो. माझ्या आयुष्यातली ती एक गोष्ट मी कोणालाच देत नाही.

कलम ५. माझी वहिनी, सौ. उत्कर्षा समीर निखाडे, रायपूरच्या जुन्या मराठी घरातली. तिच्याबद्दलची जुनी येणी या कलमात.

ती आली त्या महिन्यात मी टाकीच्या पाण्याची परीक्षा करत होते. नळीत थेंब टाकायचे आणि रंग पाहायचा.

ती मागून म्हणाली, "ताई, क्षारता घसरलीय वाटतं."

"निळा आहे रंग. ठीक आहे."

"नाही हो, ज़रा-सा पिवळा मारतोय. उजेडात धरा ना."

उजेडात तो पिवळाच होता. बाबा म्हणाले, "उत्कर्षाले दाखवत जाय. तिचं केमिस्ट्री हाय." त्या दिवसापासून 'तिचं केमिस्ट्री हाय' हे या घरातले शेवटचे वाक्य झाले. वरणात मीठ जास्त झाले तरी वाटी तिच्याकडे.

लग्नानंतर दादा आणि ती पुरीला जाऊन आले. टाकीला सोडून जाता येत नाही म्हणून मी कधी कुठे गेले नव्हते. तिने बाटलीत पाणी भरून आणले: "ताई, खरा समुद्र. तुमच्या टाकीत एक कपभर टाकू या?" मी म्हटले, किनाऱ्याच्या पाण्यात काय काय असते ते तुम्हाला माहीत नाही. माझे म्हणणे शास्त्राला धरून होते. पण समुद्र मी अजून पाहिला नाही आणि तिने पाहिला, हेही खरे होते. ती बाटली माझ्या कपाटात आहे. तिची तिला परत द्यावी.

एका हिंदी वर्तमानपत्राचा माणूस फोटो काढायला आला. वहिनीने त्याला माझ्यासमोर दोनदा सांगितले, "टाकी ताईंची आहे, मी फक्त मदत करते." त्याने मान डोलावली आणि छापले: 'रुआबांधा की बहू ने घर में बसाया समंदर'. तिने सांगितले होते आणि मी ऐकले होते, त्यामुळे तिच्यावर रागावायला जागा उरली नाही. राग मात्र उरला. ते कात्रण आईने देवघराजवळ लावले आहे. तेही वहिनीला द्यावे.

कलम ६. तांबे. हे कलम आईला वाचून दाखवावे लागेल. आई, तुझ्यावर माझा राग नाही, हे आधी लिहिते.

मन्नारच्या कामावर निघण्याआधी मला पाण्याखाली उतरणे शिकायला नागपूरच्या तरणतलावात जावे लागले. मी तिथे असताना वहिनीचा फोन आला.

"ताई, झिंगा मेला. गोगलगायी काचेवरून खाली पडल्यात. कोरल मिटलंय सगळं."

"कशाला हात लावू नका. मी रविवारी येते."

"रविवारपर्यंत काही उरणार नाही."

"वहिनी, टाकी माझी आहे."

"हो. टाकी तुमचीच आहे," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

रविवारी मी दारात आले तर टाकी कोरडी. माझे दगड अंगणात ढीग करून ठेवलेले. मासे आणि प्रवाळ न्हाणीघरात, निळ्या ड्रमात, पंप लावून. मी बॅगही खाली न ठेवता ओरडले. बेबीताई फाटकात येऊन उभ्या राहिल्या इतके ओरडले.

दादा म्हणाला, "आधी ऐकून तं घे."

वहिनीने नळी पुढे धरली. "तांबं आहे पाण्यात. कुठून आलं ते सापडत नाहीये."

बाबा म्हणाले, "मोटरीत नाही, पाइपात नाही. म्या सगळं खोलून पाह्यलं."

आई ओल्या हातांनी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "ते पैशाचं असन काय वं?"

मी नागपूरला निघाले त्या सकाळी आईने खालच्या टाकीत, पाणी पडते त्या कोपऱ्यात, तिच्या आईकडचे जुने तांब्याचे छेदाचे पैसे मूठभर सोडले होते. सोबत हळदकुंकू टाकायचे तिने टाळले, पाणी खराब होईल म्हणून. पैसे धुऊन टाकले होते.

"समुद्राची ओटी भरली बाई," ती म्हणाली. "तू त्याच्या घरी चालली. मले तं त्याचं घर माईत नाही. आपल्या घरात जो हाय त्यालेच सांगतलं, माह्या पोरीले सांभाळजो."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: खाऱ्या पाण्यात तांबे हळूहळू उतरते. माशांना ते सोसते, पण झिंगे, गोगलगायी आणि प्रवाळ त्याने मरतात.

वहिनीने खालच्या टाकीत कोपरापर्यंत हात घालून तळाशी उरलेल्या चिखलातून हिरवे पडलेले पैसे वेचले, ओढणीला पुसले आणि आईच्या मुठीत ठेवले. "आई, त्याने ऐकलं तुमचं. ऐकलं म्हणून पैसे परत केले. घरच्यांकडून घेतात का कोणी?"

आई तिच्या खांद्यावर रडली. मी बॅग हातात धरून उभी होते. आई माझी, ओटी माझ्यासाठी, आणि ते वाक्य सुचले तिला. मला आयुष्यात कोणाचाही इतका हेवा वाटला नाही, वर्गातल्या पहिल्या क्रमांकाचा नाही, मैत्रिणींच्या नोकरीचा नाही, वहिनीच्या पुरीचा नाही.

आणखी एक गोष्ट दस्त म्हणून खरी लिहिते. मी घरी असते तर पाणी बदलले असते, पुन्हा बदलले असते, आणि तांबे शोधले नसते.

"दगड गेले, ताई," तिने सांगितले. "तांबं दगडात बसतं. हे पुन्हा वापरता येणार नाहीत." मला नागपूरला परतावे लागले. शिकणे संपवून आले तेव्हा बाबांनी आणि तिने गच्चीवर नवे दगड ओतून, भिजवून, टाकीत रचले होते; उरलेले प्रवाळ त्यांवर बसले होते. बाबा म्हणाले, "हे पाय. पयल्यापेक्षा सरस हायेत. उत्कर्षानं मिठाचे खडे बारीक घेतले." भोके बारीक होती, प्रवाळाची पकड चांगली बसली होती. दगड सरस आहेत. हे मी इथे लिहिते. तोंडाने म्हणणार नाही.

कलम ७. टाकीचा वारस. या कलमाचा पहिला मजकूर मी असा लिहिला होता: 'माझ्यामागे टाकी मोडून टाकावी. दगड काढून फेकावे, पाणी उपसावे, मासे ज्यांना हवे त्यांना द्यावे. सौ. उत्कर्षा हिने टाकीला हात लावू नये.' बाबांनी विचारले असते तर सांगणार होते की तिच्यावर भार नको. कारण ते नव्हते. माझी टाकी तिच्या हातात माझ्यापेक्षा चांगली जगेल आणि लोक मला विसरतील, हे मला सहन होत नव्हते.

काल दुपारी दस्त साक्षीदाराच्या सहीपर्यंत तयार झाला. दुसरी साक्षीदार म्हणून मी वहिनीचेच नाव घातले होते. ती टाकीची काच पुसत होती. मी कागद पुढे केला.

"वाचू का?"

"साक्षीदाराला वाचायची गरज नसते. मी सही केली एवढं पाहायचं."

"मग तर वाचतेच," ती म्हणाली आणि ओले हात पुसून टाकीसमोरच्या स्टुलावर बसली. कलम सातवर तिला वेळ लागला. मग म्हणाली, "पेन द्या."

मला वाटले सही करणार. तिने मजकुराच्या बाजूला रेघ मारली.

"दगड आधी काढायचे नाहीत, ताई. आधी मासे, मग कोरल, दगड शेवटी. आधी दगड हलवले तर खालचा गाळ उठेल आणि बाकीचे गुदमरतील. ज्याच्या हातात हा कागद पडेल त्याला काय माहीत? नीट लिहा."

"शेवटची ओळ वाचली ना तुम्ही?"

"वाचली. ती तुमची मर्जी. पण वरची ओळ चुकीची आहे."

"राग नाही आला?"

"आला ना! मी काय देवी आहे? मला तर तुमचं जाणंच सहन होत नाहीये. मी इथं बसून स्किमरचा कप धुणार, आईंना चहा देणार, आणि तुम्ही तिकडे खाली उतरणार. एम.एस्सी. काय फ्रेमसाठी केलं मी? एवढं करा, तिथून फोटो पाठवू नका."

"पाठवणार आहे."

"पाठवाच. मी उघडणार नाही."

ती उठून पुन्हा काच पुसू लागली. मी तिथेच बसून राहिले. ज्या ओळीने तिला दूर ठेवले होते तिच्या वरची ओळ तिने दुरुस्त केली होती, माशांसाठी. मीही तसेच केले असते का, हे मी स्वतःला विचारले, आणि उत्तर मला आवडले नाही.

म्हणून पहिला मजकूर रद्द करून असे लिहिते: माझ्यामागे कलम ४ मधली टाकी, सर्व सामान आणि सर्व जीव सौ. उत्कर्षा समीर निखाडे यांच्या पूर्ण मालकीचे होतील. त्यांनी ती इथेच ठेवावी, मोठी करावी किंवा नोकरी लागली तर सोबत न्यावी. समीरदादाने आडवे येऊ नये. दगड मात्र मी देत नाही, कारण ते आधीपासून त्यांचेच आहेत. अट एकच: टाकी पाहायला येणाऱ्याला पहिली टाकी मिताली आणि तिच्या बाबांनी उभी केली हे सांगावे. तो वर्तमानपत्रवाला असेल तर त्याच्याकडून लिहून घ्यावे.

हेवा मी कोणाच्या नावे करत नाही. तो माझ्याकडेच राहील.

कलम ८. मी जिवंत परतले तर हे सारे गैरलागू, आणि मी टाकी परत मागेन. वहिनींनी ती सहज देऊ नये, भांडावे. माझी टाकी कोणी मुकाट्याने सोडून दिली तर मला अपमान वाटेल.

कलम ९. साक्षीदार. ओमप्रकाश काकांनी आज सकाळी कागद पाहून सांगितले, "बिटिया, जिसको कुछ मिल रहा है, उसकी गवाही मत लेना। झंझट होता है।" त्यामुळे दुसऱ्या साक्षीसाठी बेबीताईंना बोलावले. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि विचारले, "मले काईच नाही ठेवलं काय वं?" नाही ठेवले, म्हणूनच त्यांची सही चालते, असे समजावल्यावर त्यांनी सही केली, पण खूश होऊन नाही.

वरील मजकूर मी पुन्हा वाचला. तो माझा आहे. दोन्ही साक्षीदारांच्या समोर मी सही केली आणि माझ्यासमोर त्यांनी.

मिताली मारोतराव निखाडे (सही)

साक्षीदार
१. ओमप्रकाश साहू, कॅम्प-१, भिलाई (सही)
२. बेबीताई शामसुंदर ढोक, रुआबांधा, भिलाई (सही)

ठिकाण: रुआबांधा, भिलाई, जिल्हा दुर्ग, छत्तीसगड
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

दुरुस्तीची नोंद: उत्कर्षा समीर निखाडे हे नाव साक्षीदारांतून खोडून वारसांत लिहिले आहे. खाडाखोड माझीच आहे आणि मला मान्य आहे. मि. मा. निखाडे